वीस अक्षांशावरचे ताकसांडे सर

एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारायचे असतात, असा आमच्या वर्धा जिल्ह्याचा अलिखित नियम आहे. पहिला, कोण्या गावचे? दुसरा, आडनाव काय? या दोन उत्तरांनीही ज्याचं समाधान होत नाही तो जरा जवळ सरकतो, आवाज खाली आणतो आणि तिसरा प्रश्न विचारतो, "म्हणजे कोण?"

ताकसांडे सरांसोबत मी कित्येक वर्षं वर्धा ते आर्वी अशी रोज एसटीनं गेले-आले. हा तिसरा प्रश्न त्यांना विचारला गेला, की मी खिडकीकडे तोंड करून हसू दाबायची. कारण सर अत्यंत गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "मी वीस अक्षांशाचा. तुमी?"

विचारणाऱ्याची जी तारांबळ उडे ती पाहण्यासारखी असे. एकदा आमच्याच जिल्ह्यातल्या, उत्तरेकडच्या कारंज्याचे एक कापसाचे व्यापारी शेजारी होते. ते बराच वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "वीस अक्षांश? हे कोणते लोक होत बाप्पा? आमच्याकडे नाईत."

"आहेत ना," सर म्हणाले. "तुमी कारंज्याचे म्हणता ना? म्हणजे आमच्यापेक्षा जरासे वरचे. एकवीसचे."

"हौ, आमी वरचेच," व्यापारी खूश होऊन म्हणाले आणि आर्वी येईपर्यंत सरांशी फार मायेनं वागले. सरांचे खांदे गदगद हलत होते. सरांच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे.

सर भूगोल शिकवायचे, मी मराठी. शाळा आर्वीला आणि घरं वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत, एकाच गल्लीत. शिडशिडीत बांधा, कापडी टोपी, आणि शर्टाच्या खिशात कायम एक खडू. त्या खडूमुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाचा खिसा पांढरा झालेला असे. सर नोकरीत असताना त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, त्यावरून रोज बोलायच्या. वहिनी गेल्यावर बोलणारं कुणी उरलं नाही, पण खडूची जागा काही बदलली नाही. घराच्या ओसरीवर त्यांनी एक फळा टांगला होता आणि गल्लीतल्या कुठल्याही वादात ते "आधी नकाशा पाहा" असं म्हणून त्या फळ्याकडे वळायचे. नळाला पाणी का येत नाही इथपासून क्रिकेटचा संघ का हरला इथपर्यंत सगळ्याचं उत्तर नकाशात आहे, अशी त्यांची खात्री होती. नळाच्या बाबतीत ती खरीही निघाली.

त्या तिसऱ्या प्रश्नाचा त्यांना राग होता असं मात्र मी म्हणणार नाही. राग येणं हे त्यांच्या प्रकृतीत बसत नव्हतं. ते त्या प्रश्नाशी खेळायचे. शाळेत एकदा त्यांच्या तासाला कार्यालयातले लिपिक शिष्यवृत्तीच्या कामासाठी वर्गात आले आणि दारातूनच म्हणाले, "नवबौद्ध मुलं कोण कोण आहेत? उभे राहा." मी शेजारच्याच वर्गात होते, मधली भिंत अर्धी, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. मग सरांचा आवाज आला, "सगळे उभे राहा." बाकं सरकल्याचा मोठा आवाज झाला.

"सर, एवढे कसे?" लिपिक म्हणाले.

"एवढेच आहेत. आज आमचा मैदानात सावली मोजायचा तास आहे. तुमचं काम माझ्याकडे द्या, मधल्या सुट्टीत करून देतो." आणि खरोखरच सगळा वर्ग काठ्या घेऊन भर उन्हात मैदानात गेला. तेव्हापासून ते काम शिक्षकांच्या खोलीतच होऊ लागलं आणि कुठल्याही पोराला वर्गात उठून उभं राहावं लागलं नाही.

त्या दिवशी डबा खाताना सर मला म्हणाले, "मॅडम, माझा बाप दीक्षेले नागपूरले चालत गेलता. तो नव. कबूल. मी त्याचा पोरगा, मी तरी जुना झालो पाहिजे का नाई? आता माझी पोरगीही नवच. किती पिढ्या आम्ही असं नवं कोरं राहायचं?" आणि खांदे हलायला लागले.

त्यांची ती पोरगी म्हणजे उत्पला. शिकून टेक्सासला गेली, तिथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. सर निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी एका सकाळी ते आमच्या अंगणात आले. मी तांदूळ निवडत होते. ते समोर बसले आणि म्हणाले, "उत्पलाचं लगन ठरलं. पोरगा तिकडचाच, मातेओ नाव. तिच्याच रुग्णालयात नर्स आहे. लय हसरा आहे."

"अहो मग पेढे कुठायत?"

"पेढे आणतो. पण मॅडम, मोठी अडचण झाली. जन्मभर टाळला तो तिसरा प्रश्न आता मलाच विचारावा लागून राह्यला."

अडचणीचं नाव होतं गोमाभाऊ. गोमाभाऊ म्हणजे सरांचे थोरले भाऊ. आर्वीजवळच्या गावात त्यांचा संत्र्याचा बगीचा. वडील लवकर गेले, तेव्हा यांनीच शाळा सोडून धाकट्याला शिकवलं. सरांच्या घरात व्याहीभेट घेण्याचा मान थोरल्याचा. मांडवात दोन्हीकडचे वडीलधारे समोरासमोर येतात, हार घालतात, गळाभेट घेतात, आणि ती होईपर्यंत सोयरीक पक्की झाली असं आमच्याकडे कुणी मानत नाही. लग्न पिपरीतच होणार होतं. आणि गोमाभाऊंनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "पोरगा कोण्या लोकांतला, थे सांग. मंगच मी येईन."

"अमेरिकेतला आहे, भाऊ."

"थो देश झाला. मी लोक इचारून राह्यलो."

थोरल्या भावाशिवाय व्याहीभेट ही कल्पनाच सरांना सोसत नव्हती. आता गोमाभाऊंना काही अक्षांश सांगून भागणार नव्हतं. सरांनी उत्पलाला फोन लावला आणि तिथून खरा गोंधळ सुरू झाला.

कारण तिकडे एका घरात एकमत नव्हतं. मातेओची आजी मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा नावाच्या शहरात राहते, ती म्हणायची आम्ही ग्वादालाहाराचे, बाकी काही नाही. वडील एर्नेस्तो तरुणपणी टेक्सासला आले, जन्मभर शाळेची बस चालवली, ते म्हणायचे मी मेक्सिकन. मातेओ कॉलेजात असताना स्वतःला चिकानो, म्हणजे अमेरिकेत वाढलेला मेक्सिकन, म्हणवायचा, आता म्हणतो लॅटिनो. सरकार त्यांना हिस्पॅनिक म्हणून मोजतं. आणि दुकानात, बसमध्ये लोक सरळ स्पॅनिश म्हणून मोकळे होतात, जरी त्यांच्यातल्या कुणीही स्पेन पाहिलेला नाही आणि मातेओला तर स्पॅनिश भाषा धड बोलताही येत नाही.

दुसरा कुणी असता तर डोकं धरून बसला असता. सरांना मात्र हर्षवायू व्हायचा बाकी होता. त्यांनी ओसरीवरच्या फळ्यावर दोन मोठी वर्तुळं काढली. एकात स्पॅनिश बोलणारे, म्हणजे हिस्पॅनिक, दुसऱ्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या देशांतून आलेले, म्हणजे लॅटिनो. ब्राझीलचा माणूस दुसऱ्यात येतो पण पहिल्यात नाही, कारण तो पोर्तुगीज बोलतो. स्पेनचा माणूस पहिल्यात येतो पण दुसऱ्यात नाही. येणारा-जाणारा फळ्यापुढे थांबायला लागला. दूधवाला सकाळी किटली खाली ठेवून ब्राझीलवाल्यांवर अन्याय होतो आहे असं मत देऊन जायचा. समोरच्या काकूंनी विचारलं, "मंग जावई दोन्ही गोलात आहे की एकात?" सर म्हणाले, "दोन्हीत, आणि त्याले विचाराल तर तो म्हणते, मले गोलातून बाहेर काढा."

मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, एवढी नावं म्हणजे जरा अतीच नाही का?"

"काऊन? आपल्याकडे कमी आहेत का?" ते म्हणाले. "माझा बाप एक नाव टाकून आला. सरकारनं नवबौद्ध दिलं. आम्ही म्हणतो बौद्ध. गावात पाठीमागं काय म्हणतात थे तुमाले माहीत आहे. अन् पोरगी तिकडं गेली तर एशियन झाली. आणि देशाचं म्हणाल, तर भाऊ मध्य प्रांतात जन्मले, मी मुंबई राज्यात, धाकटी बहीण महाराष्ट्रात. जन्माची खाट तीच."

गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स छापणाऱ्या पंकजचं दुकान आहे. हा मामाकडे राहून आर्वीला शिकलेला, सरांचाच जुना विद्यार्थी. तोही येऊन म्हणाला, "सर, सोप्पं करा ना. स्पॅनिश बोलते तं स्पेनचे."

"पंकज, तू गिऱ्हाइकाशी दिवसभर हिंदीत बोलतो. मग तू यूपीचा का?"

"नाई ना सर. मी पिपरीचा."

"झालं तर मग."

पंकजनं मान डोलावली. त्याची मान शाळेतही अशीच डोलायची, हे सरांनी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

शेवटी सर गोमाभाऊंना समजवायला निघाले. माझं माहेर आर्वीचं, त्यामुळे मीही सोबत गेले. गोमाभाऊ बगीच्यात बाजेवर बसले होते. धिप्पाड, पांढऱ्या मिशा, डोक्याला दुपट्टा. आमच्यापुढे संत्र्यांचा ढीग ठेवला आणि कुणी काही बोलायच्या आत धाकट्या भावाला म्हणाले, "सांग पल्लाद. कोण?"

सरांनी सगळं सांगितलं. चिकानो, लॅटिनो, हिस्पॅनिक, सगळं. गोमाभाऊ संत्रं सोलत ऐकत होते. मग सरांनी काडी घेतली आणि मातीत एक लांब रेघ ओढली. "भाऊ, हे पाहा. हे आपलं वावर. वीस आणि एकवीसच्या मधली ही रेघ. सरळ पश्चिमेले जा. समुद्र, अरबस्तान, आफ्रिका, परत समुद्र. अन् मग त्याच्या आजीचं गाव. याच रेघेवर. आपल्या वावरातून निघालेली रेघ त्याहीच्या अंगणातून जाते."

गोमाभाऊंनी रेघ पाहिली. मला वाटलं, जमलं. पण त्यांनी मान हलवली.

"तुले वाटते, मी जात पाहून राह्यलो," ते हळूच म्हणाले. "अरे, मी सहा-सात वर्षांचा असीन. एका लगनात पंगतीत बसलो होतो. पत्रावळीवर भात वाढला होता. एकानं इचारलं, कोण रे तू? मी बापाचं नाव सांगलं. अन् मले उठवलं. भरल्या पत्रावळीवरून. तवापासून मी आधीच इचारून घेतो, समोरचा कोण. म्हणजे आपल्याले थो काय समजीन थे कळते. आपली पोरगी एवढ्या दूर. तिकडं तिले कोणी उठवलं, तं तू तुही रेघ धरून जाशीन का?"

सरांच्या हातातली काडी तशीच राहिली. ही गोष्ट भावानं त्यांनाही कधी सांगितली नव्हती. उगाचच मी आणखी एक संत्रं सोलायला घेतलं.

"येतो मी लगनाले," गोमाभाऊ शेवटी म्हणाले. "पण हार हातातच ठेवीन. पोराच्या बापाले मीच इचारतो. उत्तर पटलं तं भेट. नाई पटलं तं मी आपला जाऊन पंगतीत बसतो."

परतताना अख्ख्या रस्त्यात सरांचे खांदे एकदाही हलले नाहीत. असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

लग्न थंडीत होतं. गल्लीच्या मागच्या मैदानात मांडव. सकाळी आम्ही पाहतो तर मांडवाच्या तोंडाशी भलामोठा फ्लेक्स. वर गल्लीतल्या सगळ्या पोरांचे गॉगल लावलेले फोटो, मधे उत्पला आणि मातेओ, एका कोपऱ्यात शिंगं रोखून धावणारा काळा बैल, आणि खाली स्पेनच्या झेंड्यासारख्या लाल-पिवळ्या पट्ट्यावर ठळक अक्षरात, "स्पेनच्या पाहुण्यांचे हार्दिक स्वागत." पंकज शेजारी उभा, शाबासकीची वाट पाहत. सरांनी फ्लेक्स वाचला. मला वाटलं, आता तरी चिडतील. पण त्या वावरातल्या दुपारनंतर पहिल्यांदाच त्यांचे खांदे हलायला लागले.

तेवढ्यात गाडीतून एर्नेस्तो उतरले. ठेंगणे, गोलमटोल, गोमाभाऊंसारख्याच मिशा, हातात रुंद काठाची टोपी. त्यांना अक्षरं वाचता आली नाहीत, पण बैल आणि झेंड्याचे रंग कळले. ते खो खो हसले आणि उत्पलाशी काही बोलले. ती म्हणाली, "बाबा, ते म्हणतात, तिकडे टेक्सासमध्येही सगळे हेच समजतात. इथे निदान फोटो तरी मोठा लावला." आणि त्यांनी पंकजला जवळ ओढून बैलापाशी फोटो काढून घेतला.

मग व्याहीभेटीची वेळ झाली. इकडून गोमाभाऊ निघाले, पांढरंशुभ्र धोतर, हातात हार. तिकडून एर्नेस्तो, त्यांच्याही हातात हार, उत्पलानं शिकवल्याप्रमाणे. दोघं समोरासमोर आले आणि गोमाभाऊंनी हात वर केला. "थांबा. मले एक इचाराचं आहे." बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. सर माझ्यापासून दोन हातांवर उभे होते, त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता.

"उत्पले, इचार त्याहीले. तुमी कोण?"

पांढऱ्या साडीतली उत्पला मधे उभी राहिली. तिनं विचारलं. एर्नेस्तोंनी टोपी छातीशी धरली आणि सांगायला सुरुवात केली. आई असं म्हणते, मुलगा तसं म्हणतो, सरकार असं म्हणतं. उत्पला एकेक वाक्य मराठीत सांगत होती. मधेच ते थांबले. त्यांनी गोमाभाऊंकडे नीट पाहिलं आणि तिला विचारलं, "हे तुझे कोण?" तिनं सांगितलं, "मोठे बाबा. वडिलांच्याही जागी." त्यावर ते मनापासून हसले.

"मोठे बाबा, ते म्हणतात, जन्मभर मला लोक हा प्रश्न विचारतात. हातात हार घेऊन विचारणारे तुम्ही पहिले."

गोमाभाऊंच्या मिशा किंचित हलल्या. एर्नेस्तोंनी एक हात स्वतःच्या छातीवर ठेवला, दुसरा गोमाभाऊंकडे केला आणि सावकाश म्हणाले, "कोन्सुएग्रो."

उत्पला हसत गोमाभाऊंकडे वळली. मग म्हणाली, "मोठे बाबा, ते म्हणतात, मी तुमचा व्याही."

"हे तू आपल्या मनानं जोडलं का त्याहीनं म्हटलं?"

"त्यांनीच म्हटलं. त्यांच्या भाषेत हा शब्दच आहे. पोराच्या बापानं आणि पोरीच्या बापानं एकमेकांना म्हणायचा."

"असं?" गोमाभाऊ एकदम पुढे झुकले. "अन् इंग्रजीत?"

"इंग्रजीत नाही, मोठे बाबा."

"इंग्रजीत व्याही नाई?" गोमाभाऊंना धक्काच बसला. "मंग थे इंग्रज लगनात एकमेकाले हाका काय म्हणून मारते?"

सगळ्या मांडवात हशा पिकला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, बँडवाला ढोलावर डोकं टेकून हसत होता. गोमाभाऊ मात्र गंभीर होते. ते सरांकडे वळले आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पल्लाद, तुह्या त्या नावाईतलं मले काई समजलं नाई. पण ज्याच्या बोलीत व्याही आहे, थो माणूस सोयरिकीची किंमत जाणते. याच्या घरात माह्या पोरीले पत्रावळीवरून कोणी उठवत नाई."

आणि त्यांनी हार घातला. एर्नेस्तोंनी घातला. मग त्या दोन मिशांची अशी काही गळाभेट झाली, की टोपी आणि दुपट्टा दोन्ही खाली पडले. मी सरांकडे पाहिलं. खांदे हलत होते, नेहमीसारखेच. पण या वेळी डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भानही नव्हतं. इतका आनंदलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

जेवणं होईपर्यंत पंकजनं शिडी लावून "स्पेनच्या पाहुण्यांचे" या शब्दांवर पांढरी पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर रंगानं लिहिलं होतं, "आमच्या व्याह्यांचे." बैल मात्र तसाच राहिला, कारण त्याला झाकेल एवढी पट्टी नव्हती. पंगतीत गोमाभाऊ आणि एर्नेस्तो मांडीला मांडी लावून बसले. एकमेकांचं एक अक्षर कळत नसताना दोघं अखंड बोलत होते, आणि गोमाभाऊ दर दोन घासांनी व्याह्याच्या पत्रावळीत वाढायला लावत होते.

पुढे उत्पलाला मुलगी झाली आणि सर तिकडे जायला निघाले. विमान नागपूरहून, पण तिथपर्यंत एसटीनंच जाणार म्हणून अडून बसले. मी वर्ध्याच्या स्टँडवर पोचवायला गेले होते. गोमाभाऊ आर्वीहून आले होते, विमानात नेऊ देत नाहीत असं शंभरदा सांगूनही संत्र्यांची पिशवी घेऊन. शेवटी आम्ही तिघं बाकावर बसून ती संत्री खात होतो. शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांनी पिशव्या पाहिल्या, सरांचा नवा कोट पाहिला आणि विचारलं, "कोण्या गावचे?"

"पिपरी मेघे," सर म्हणाले.

"आडनाव काय?"

"ताकसांडे."

गृहस्थ जरा जवळ सरकले. आवाज खाली आला. "म्हणजे कोण?"

सवयीनं मी तोंड दुसरीकडे वळवलं. सरांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच पलीकडून, तोंडातली संत्र्याची फोड गिळत, गोमाभाऊंचा खणखणीत आवाज आला.

"आमी वीस अक्षांशाचे. आमचे व्याही बी त्याच लायनीवरचे. तुमी?"

बस लागली, सर चढले, खिडकीशी बसले. ते तिकडेच रमले, नातीच्या खोलीत फळा टांगला आहे म्हणतात. त्यानंतर आमची भेट नाही. मला शेवटचे दिसतात ते तसेच, नागपूरच्या गाडीच्या खिडकीत, खिशात खडू, टोपी मागे सरकलेली, आणि वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलत राहिलेले खांदे.